‘बस’ म्हणजे बस, की पुरे?

सदर : घर दोघांचं



या वेळचा विषय चार पायांचा आहे. सुदामानगर असो, राजेंद्रनगर असो की बायपासकडच्या नव्या सोसायट्या, आपल्या इंदूरच्या मराठी घरांमधला कुत्रा आता अंगणात बांधलेला राखणदार राहिलेला नाही. तो घरात आला, मग सोफ्यावर आला, काही घरांत तर पांघरुणातही आला. त्याच्याबरोबर नवरा-बायकोच्या वादात एका नव्या विषयाची भर पडली.

हे वाद ओळखीचे आहेत. ती म्हणते, सोफ्यावर घ्यायचं नाही. तो टीव्ही बघताना शेजारची जागा थोपटून त्याला बोलावतो. तो म्हणतो, आपण जेवताना काही द्यायचं नाही. ती पोळीचा शेवटचा तुकडा टेबलाखालून हळूच सरकवते. एकाला वाटतं, ओरडल्याशिवाय शिकणार नाही. दुसऱ्याला वाटतं, लहान आहे अजून, शिकेल हळूहळू. सहा महिन्यांनी दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं : ‘आपला कुत्रा काही ऐकत नाही.’

मला वाटतं, तो ऐकतो. चांगलं लक्ष देऊन ऐकतो. फक्त आपण तोंडाने सांगतो तो नियम तो शिकत नाही, घरात खरोखर पाळला जातो तो शिकतो. ‘ती ऑफिसला गेली की सोफा चालतो’ हा घरातला खरा नियम असेल, तर तोच त्याला पाठ होतो. म्हणून कुत्र्याला शिकवायला घेण्याआधी दोघांनी एकमेकांशी बोलून घ्यायला हवं. हे बोलणं राहून गेलं, तर महागडा ट्रेनर लावूनही फारसं काही हाती लागत नाही.

कधीतरी मिळणारा तुकडा

‘अगं, आठवड्यातून एकदा दिलं तर काय बिघडतं?’ हे वाक्य प्रत्येक घरात असतं. बिघडतं ते असं.

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये मांजरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. पेटीतून सुटण्याची खटपट करताना जी हालचाल उपयोगी पडली, ती मांजर पुढच्या वेळी लवकर करू लागलं. ज्याचं फळ चांगलं, ते पुन्हा केलं जातं, असा त्याचा साधा अर्थ. पुढे बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात बक्षीस कधी, किती वेळाने, किती प्रयत्नांनंतर दिलं तर काय होतं, याचा मोठा अभ्यास मांडला. त्यातली एक गोष्ट आपल्या जेवणाच्या टेबलाला थेट लागू पडते. दर वेळी बक्षीस मिळत असेल आणि ते अचानक बंद झालं, तर प्राणी तो प्रयत्न तुलनेने लवकर सोडतो. बक्षीस कधी मिळत असेल, कधी नसेल, आणि केव्हा मिळेल याचा नेमच नसेल, तर ते बंद झाल्यावरही तो खूप काळ प्रयत्न करत राहतो.

माणसाचंही तसंच आहे. नाणं टाकल्यावर मशीनमधून बाटली आली नाही, तर आपण फार तर दोनदा बटण दाबतो आणि निघून जातो. लॉटरीचं तिकीट मात्र लागलं नाही तरी पुन्हा घेतो, कारण ती कधीतरी लागते हे आपण गृहीत धरलेलं असतं.

आता आपलं टेबल बघा. एक जण कधीच देत नाही, दुसरा कधीतरी देतो. कुत्र्याच्या दृष्टीने ही लॉटरी झाली. एकाचा ठामपणा आणि दुसऱ्याची माया मिळून, कुणीही न ठरवता, त्याला चिकाटीचा धडा मिळतो. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते इथे अक्षरशः खरं ठरतं.

याचीच पुढची पायरी जास्त अवघड आहे. समजा दोघांनी ठरवलं, आजपासून टेबलावरून काही नाही. पहिले काही दिवस कुत्र्याचं मागणं कमी होण्याऐवजी वाढतं. तो आधी नुसता बघायचा, आता भुंकतो, पंजा मारतो, मांडीवर डोकं ठेवतो. ही वाढ अपेक्षितच असते. नेहमीचा उपाय चालत नाही म्हटल्यावर तो जास्त जोर लावून बघतो, आणि तरीही काही मिळालं नाही तर हळूहळू थांबतो. पण नेमक्या याच दिवसांत दोघांपैकी एक जण म्हणतो, ‘बघ, तुझ्या नियमाने उलट वाढलंय,’ आणि एक तुकडा देऊन टाकतो. मग कुत्रा शिकतो की नुसतं बघून मिळत नाही, दहा मिनिटं भुंकल्यावर मिळतं. म्हणून नियम ठरवतानाच एकमेकांना सांगून ठेवा की पहिला आठवडा वाईट जाणार आहे आणि त्या आठवड्यात कुणीही मागे हटायचं नाही. एवढं आधी माहीत असलं, तरी निम्मी भांडणं टळतात.

एका शब्दाचे दोन अर्थ

आपल्याकडच्या घरांची एक खास अडचण आहे. आपण घरात मराठी बोलतो, दाराबाहेर हिंदी, आणि कुत्र्याला शिकवण्याचे व्हिडिओ बघतो इंग्रजीत.

आता शीर्षकातलाच शब्द घ्या. ती म्हणते ‘बस’, म्हणजे खाली बस. तो अंगावर उड्या मारणाऱ्या पिल्लाला हिंदीच्या सवयीने म्हणतो ‘बस, बस!’, म्हणजे पुरे कर. पाहुणे आले की दोघंही म्हणतात ‘बसा, बसा’. शिवाय स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘बस झाली पोळी’. एकाच आवाजाचे इतके अर्थ असतील, तर पिल्लू त्या आवाजाकडे लक्ष देणं सोडून देतं. ‘ये’ची तीच गत. मराठीत तो बोलावण्याचा शब्द, हिंदीत मात्र ‘ये क्या है, ये किसने किया’ असा दिवसभर ऐकू येणारा. ‘खाली’ मराठीत खाली, हिंदीत रिकामं. आणि ‘डाउन’चं काय सांगावं! व्हिडिओतला ट्रेनर ‘झोप’ या अर्थाने म्हणतो, आपण मात्र ‘सोफ्यावरून उतर’ या अर्थाने ओरडतो.

कुत्र्याला भाषा नसते, आवाज असतो. कुठलाही शब्द चालतो, फक्त घरातल्या सगळ्यांचा तोच हवा आणि त्याचा अर्थ एकच हवा. दोघांनी दहा मिनिटं काढून एक छोटी यादी करावी. उदाहरणार्थ : बसण्यासाठी ‘बैठ’ किंवा ‘सिट’, म्हणजे वॉचमन, कामवाल्या ताई आणि जनावरांचे डॉक्टर यांनाही तोच शब्द वापरता येईल. आडवं होण्यासाठी ‘झोप’. सोफ्यावरून किंवा अंगावरून उतरण्यासाठी ‘उतर’. तोंडातलं टाकण्यासाठी ‘सोड’. जागेवर राहण्यासाठी ‘थांब’. बोलावण्यासाठी नाव आणि पुढे ‘इकडे’. सहा शब्दांत घर चालतं.

बोलावण्याच्या शब्दाबद्दल एक करार वेगळा करा. तो शब्द उच्चारून जवळ बोलवायचं आणि मग रागवायचं, असं कुणीच करायचं नाही. एकाने लाडाने बोलावलं आणि दुसऱ्याने त्याच शब्दाने बोलावून चपलेवरून झापलं, की पिल्लू त्या शब्दाचा हिशोब मांडू लागतं आणि यायचं की नाही ते स्वतः ठरवतं. एरवी हे चालून जातं. पण फाटक उघडं राहिलं, तो रस्त्यावर धावला आणि समोरून गाडी आली, त्या क्षणी तुमच्या हातात फक्त हा एकच शब्द असतो.

पोहे, कांदा आणि आजी

काही नियमांवर चर्चा नको, ते सरळ पाळायचे. इंदुरात सकाळ पोह्यांनी होते आणि पोह्यांत कांदा असतो. कांदा आणि लसूण, कच्चे असोत की शिजवलेले, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना इजा करतात, आणि त्रास बरेचदा काही दिवसांनी दिसतो. त्यामुळे ‘काल दिले होते, काही झालं नाही’ हा पुरावा धरू नका. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, म्हणजे बेदाणे घातलेला शिरा बंद. चॉकलेट बंद. शुगर-फ्री च्युइंगममध्ये असणारं झायलिटॉल तर अगदी थोडंही घातक ठरतं. ही यादी फ्रिजवर लावा आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवा.

आता राहिली आजी. नियम दोघांनी केला, पण घरात तिसरा आणि चौथा माणूस असतोच. आजीला ‘देऊ नका’ म्हणणं आपल्या घरांत अवघड, आणि खरं तर योग्यही नाही. दुपारभर त्या पिल्लाबरोबर त्याच असतात. त्यांना वगळण्यापेक्षा काम द्या. सकाळी एका डबीत त्याचा दिवसभराचा खाऊ काढून ठेवायचा. दिवसाच्या एकूण आहारातला फार तर दहावा हिस्सा खाऊचा असावा, असं पशुवैद्य सांगतात. डबीतलं संपलं की त्या दिवसाचा खाऊ संपला. ‘आई, तुम्ही द्या, पण तो बसला की मगच द्या,’ एवढं म्हटलं की आजी त्याच्या शिक्षिका होतात, आणि बरेचदा घरातल्या सगळ्यांत शिस्तीच्या!

या डबीचा आणखी एक फायदा आहे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण दोन मालकांचा कुत्रा दुप्पट जेवतो. ‘तू दिलं नसशील म्हणून मी दिलं’ असं रोज होत असेल, तर वजन वाढायला वेळ लागत नाही. फ्रिजवरच्या कागदावर सकाळ-संध्याकाळच्या दोन चौकटी करा आणि जेवण देणाऱ्याने खूण करा.

‘त्याला धाक हवा’

बहुतेक जोडप्यांत खरा मतभेद सोफ्याचा नसतो, पद्धतीचा असतो. एकाचं म्हणणं, ‘मालक कोण ते त्याला कळलं पाहिजे.’ लांडग्यांच्या कळपात एक म्होरक्या असतो, म्हणून घरातही आपण म्होरक्या व्हायचं, हा विचार त्यामागे असतो. ही कल्पना मुळात एकत्र कोंडून ठेवलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. ती लोकप्रिय होण्यात ज्यांच्या १९७० च्या पुस्तकाचा हातभार लागला, त्या डेव्हिड मेक यांनीच रानातल्या लांडग्यांचा अभ्यास करून १९९९ मध्ये लिहिलं की तिथला कळप म्हणजे साधारणपणे एक कुटुंब असतं : आई-बाप आणि त्यांची पिल्लं. म्होरकेपणासाठी चाललेली मारामारी हे तिथलं रोजचं चित्र नाही. आणि कुत्रा काही लांडगा नव्हे.

दुसरा नेहमीचा मुद्दा : ‘त्याला कळतं, बघ कसा अपराधी चेहरा करतो.’ संध्याकाळी घरी आल्यावर कुरतडलेली चप्पल दिसते, आवाज चढतो, तो कान पाडतो, नजर चुकवतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने मनाई करून खोलीबाहेर जायचं, आणि परत आल्यावर कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही हे त्याला कधी खरं, कधी खोटं सांगायचं. तो ‘अपराधी’ चेहरा कुत्र्याने खरोखर खाल्लं होतं का, यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला का, यावर होता. म्हणजे दुपारच्या चपलेबद्दल संध्याकाळी रागावलं, तर त्याला चप्पल आठवत नाही. त्याला एवढंच कळतं की हे घरी आले की वातावरण बिघडतं. मग ज्याला घरी येताच झापायची सवय, त्याच्यापासून तो लांब राहू लागतो, आणि ‘माझ्याकडे येतच नाही’ ही नवी तक्रार सुरू होते.

प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं की शिकवण्यासाठी बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच वापराव्यात. याचा अर्थ लाडावून ठेवणं असा होत नाही. हवं ते वागला की लगेच, एक-दोन सेकंदांत, शाबासकी किंवा खाऊ. नको ते केलं तर त्यातून त्याला काहीच मिळू द्यायचं नाही. मऊ वागणाऱ्याला यात ठाम राहावं लागतं आणि कडक वागणाऱ्याला हात व आवाज आवरावा लागतो. दोघांनाही थोडं सरकावं लागतं, म्हणून हा तोडगा मान्य होण्याची शक्यता जास्त.

निस्तरेल त्याचा शब्द जड

आता जरा नाजूक गोष्ट. अनेक घरांत पिल्लू आणायची हौस एकाची असते आणि फरशी पुसायचं काम दुसऱ्याचं. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा फार तर दोन-तीन तास लघवी धरू शकतं. झोपून उठलं, खाल्लं, खेळलं, की लगेच त्याला बाहेर न्यावं लागतं. रात्रीही एक-दोनदा उठावं लागतं. हे काम दिवसभर एकच जण करत असेल आणि दुसरा रात्री अर्धा तास खेळून ‘तू उगीच फार कडक वागतेस’ म्हणत असेल, तर तो वाद कुत्र्याचा राहत नाही.

माझं मत सरळ आहे. ज्या गोष्टीचे परिणाम जो निस्तरतो, त्या गोष्टीच्या नियमात त्याचा शब्द जड. पलंगावरच्या चादरी ती धूत असेल, तर पलंगाचा नियम तिचा. सकाळी सहाला तो फिरायला नेत असेल, तर फिरण्याची वेळ आणि रस्ता त्याचा. नियमात बदल हवा असेल तर आधी कामाची वाटणी बदलावी. यात बाहेरचं कामही धरा. २०१७ मध्ये स्वच्छ सर्वेक्षणात पहिल्या आलेल्या आणि पुढेही तो मान राखत आलेल्या शहरात आपण राहतो. फिरायला नेणाऱ्याने पिशवी न्यायची आणि मागचं उचलून आणायचं, हा नियम दोघांनाही सारखाच.

एकाने कायम ‘नाही’ म्हणायचं आणि दुसऱ्याने कायम लाड करायचे, ही वाटणी टाळा. पिल्लू अर्थातच लाड करणाऱ्याला चिकटतं आणि शिस्त लावणाऱ्याच्या वाट्याला राबणं तेवढं उरतं. खाऊ देणं, खेळणं, अडवणं, अंघोळ घालणं ही चारही कामं आलटून पालटून दोघांनी करावीत.

सगळं सारखंच हवं का?

नको. कुत्रा माणसामाणसांत चांगला फरक करतो. तो रोज दोरी ओढण्याचा खेळ खेळतो आणि ती कधीच खेळत नाही, तर कुत्रा तिच्याकडे दोरी नेणं बंद करतो. एका माणसाने आपापल्या जागी कायम तसंच वागलं, की गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो एकच माणूस आज एक आणि उद्या दुसरं वागला, किंवा एकाने दिलेली मनाई दुसऱ्याने त्याच मिनिटाला मोडली, तर.

म्हणून नियमांचे तीन गट करा. पहिला सुरक्षेचा : न खायच्या गोष्टी, दार-फाटक, माणसांवर उडी न मारणं, लहान मुलांजवळ लक्ष ठेवणं. घरात काठी घेऊन चालणारे आजोबा असतील तर उडी हा गमतीचा विषय राहत नाही. हे नियम घरात येणाऱ्या प्रत्येकाला सारखे. दुसरा गट घराचा : सोफा, पलंग, स्वयंपाकघर, देवघर. यावर दोघांनी बोलून काय ते ठरवा. पटत नसेल तर मधला मार्ग काढा. सोफ्यावर एक ठरावीक चादर घातली असेल तरच वर, नाहीतर नाही. चादर दिसणं ही खूण तो शिकतो. तिसरा गट ज्याचा त्याचा : खेळ, लाड, टोपणनावं. तिथे मोकळीक ठेवा.

नियम निवडताना एक कसोटी लावा. रात्री दहाला दोघंही दमलेले असताना हा नियम पाळला जाईल का? नसेल, तर तो कितीही चांगला असला तरी सोडून द्या आणि जमेल असा सोपा घ्या. आणि ऐन वेळी मतभेद झालाच, तर जो हजर आहे आणि ज्याने सांगायला सुरुवात केली, त्याचं त्या वेळेपुरतं चालू द्या. बोलायचं ते नंतर, चहा घेताना.

हे सगळं एवढ्या तपशिलाने सांगण्याचं कारण आहे. हौसेने आणलेली आणि मग ‘आवरत नाही’ म्हणून गावाबाहेर सोडून दिलेली कुत्री आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी केलेल्या १९६० च्या कायद्यानुसार, सबळ कारणाशिवाय पाळीव प्राण्याला असं वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे. घरातल्या दोन माणसांनी वेळीच एक कागद घेऊन बसायचं मनावर घेतलं असतं, तर त्यातली किती तरी आज आपापल्या घरी असती.

तेव्हा या रविवारी तो कागद काढा. सहा शब्द, न द्यायच्या गोष्टींची यादी, तीन गट आणि कामांची वाटणी. घरात पिल्लू अजून आलेलं नसेल तर फारच उत्तम, आणायच्या आधीच हे करून टाका. तुमच्या घरी कुठल्या नियमावर गाडी अडली आणि ती कशी सुटली, ते जरूर लिहून पाठवा.

पुढच्या महिन्यात भेटूच.